वाचकांचे प्रश्न : देशाबाहेरचे दत्तक आणि विशेष गरजा असलेली मुले

दत्तकविषयक सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर होती : आजार, व्यंग किंवा विकासातील अडचण असलेले मूल एका देशातील संस्थेतून दुसऱ्या देशातील कुटुंबात जाते, तेव्हा काय पाहावे, काय विचारावे आणि कशाची तयारी ठेवावी. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे मूळचे पुण्याचे असून आता न्यू जर्सीत राहतो. आम्ही अमेरिकी नागरिक आहोत आणि आमच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचे) कार्ड आहे. आम्हाला नऊ वर्षांची मुलगी आहे. आमचे गृह अध्ययन (दत्तकापूर्वीची कुटुंबाची पाहणी) आणि तेथील प्राथमिक मंजुरी झाली असून महाराष्ट्रातील एका संस्थेतील साडेतीन वर्षांच्या मुलाचे कागद एजन्सीने आम्हाला पाठवले आहेत. वैद्यकीय अहवालात ‘ओठाची शस्त्रक्रिया झाली, टाळू दुभंगलेली, वजन कमी, विकासात विलंब’ एवढेच लिहिले आहे. होकार देण्यापूर्वी आम्ही काय तपासावे?

उत्तर : आपण हा प्रश्न होकार देण्यापूर्वी विचारलात, याचे मला फार बरे वाटले, कारण पुष्कळ कुटुंबे फोटो पाहून मनाने आधीच त्या मुलाची झालेली असतात आणि अहवाल नंतर वाचतात. आपल्या अहवालातील चार नोंदींपैकी पहिल्या दोन तुलनेने सोप्या आहेत. खरा अभ्यास करायचा आहे तो शेवटच्या दोन नोंदींचा.

दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, कारण मूल बोलू लागण्यापूर्वी टाळू मिटलेली असावी लागते. या मुलाची ती अजून झालेली नाही, म्हणजे तो उशीर झालेला आहे. मात्र त्यामागे वजन किंवा हिमोग्लोबिन कमी असल्याने भूल देता आली नाही, असे साधे कारणही असू शकते. ते कारण संस्थेला लेखी विचारावे. टाळू उघडी असताना मूल पातळ वरण प्यायले तर ते नाकातून बाहेर येते, म्हणून सांभाळणाऱ्या मावशी त्याला बसते धरून, लहान चमच्याने, थांबत थांबत भरवतात, आणि वीस मुलांच्या खोलीत प्रत्येक जेवणाला एवढा वेळ मिळतोच असे नाही. वजन कमी असण्याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकू कमी येते, ही दुसरी गोष्ट. ज्याला नीट ऐकूच येत नाही ते मूल उशिरा बोलते, हाकेला वळत नाही, आणि अहवालात त्याची नोंद ‘विकासात विलंब’ अशी होते. म्हणून श्रवणाची बेरा चाचणी झाली आहे का हे विचारावे, आणि झालेली नसल्यास ती करून देण्याची विनंती करावी.

यानंतर डोक्याचा घेर पाहावा. शेवटचा एक आकडा मागून उपयोग नाही. प्रवेशाच्या दिवसापासूनची सर्व मापे तारखांसह मागावीत आणि ती बालरोगतज्ज्ञाकडून वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्यावीत. मुलग्याच्या डोक्याचा घेर जन्मतः सरासरी साडेचौतीस, वर्षाचा असताना सेहेचाळीस आणि दोन वर्षांचा असताना अठ्ठेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. घेर सरासरीपेक्षा थोडा कमी आहे पण स्वतःच्या रेषेवर वाढतो आहे, ही एक स्थिती झाली. एका टप्प्यानंतर ती रेषा आडवी पडली आहे, ही पूर्णपणे वेगळी आणि अधिक गंभीर स्थिती होय. उंची आणि वजनाबाबत एवढी काळजी करू नये. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे मूल साधारण एका महिन्याची वाढ गमावते, असा आंतरराष्ट्रीय दत्तक वैद्यकात वापरला जाणारा ठोकताळा आहे, आणि कुटुंबात आल्यावर ती वाढ बऱ्याच अंशी भरून निघते.

तिसरी मागणी चलचित्राची करावी. वाढदिवसाच्या टोपीत नाचतानाचे नको. रोजच्या जेवणाचे आणि खेळाचे, न कापलेले, दहा मिनिटांचे हवे, आणि त्यात त्याची नेहमीची मावशी असावी. हवी असलेली वस्तू तो बोटाने दाखवतो का, खेळणे घेऊन कुणाला दाखवायला जातो का, पडल्यावर रडत मावशीकडे पाहतो की कुणाकडेच पाहत नाही, हे तिघांनी स्वतंत्रपणे पाहावे : आपण दोघे आणि आपले डॉक्टर. अमेरिकेत अनेक बालरुग्णालयांत आंतरराष्ट्रीय दत्तकासाठी स्वतंत्र दवाखाने आहेत. मिनेसोटा विद्यापीठाचा असा दवाखाना १९८६ पासून चालू आहे. पाठवलेले कागद आणि चित्रण वाचून मत देणे हे त्यांचे रोजचे काम आहे. शक्य असेल तर स्वतः येऊन मुलाला भेटावे. नियमांत त्याला मुभा आहे.

एवढे करूनही अनिश्चितता उरेल, कारण ‘विकासात विलंब’ या नोंदीत मुलाच्या शरीरातला भाग किती आणि संस्थेतील आयुष्याचा भाग किती, हे आज कुणीच वेगळे करून सांगू शकत नाही. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट १९८९ मध्ये कोसळल्यानंतर तेथील अनाथालयांची स्थिती जगासमोर आली, आणि त्या मुलांवर झालेल्या संशोधनातून या विषयातील बरेचसे ज्ञान आले आहे. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. ती मुले बुद्धिमापनात आणि माणसाशी जुळणाऱ्या नात्यात संस्थेत राहिलेल्या मुलांच्या पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंबात पोहोचलेल्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. आपले मूल साडेतीन वर्षांचे आहे. याचा अर्थ आशा नाही असा नव्हे. टाळू मिटल्यानंतरही शिकणे, लक्ष लागणे आणि विश्वास बसणे यांसाठी वर्षानुवर्षे मदत लागू शकेल, असे गृहीत धरून निर्णय घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. टाळूची तयारी असलेली, पण रात्री दोन वाजता किंचाळत उठणाऱ्या आणि जवळ घेतल्यावर ढकलून देणाऱ्या मुलाची तयारी नसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. तयारी दुसऱ्या गोष्टीची आधी करावी.

म्हणूनच एक आग्रहाची सूचना. मूल घरी येताच दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरवू नये, जोपर्यंत शल्यचिकित्सक तातडीचे कारण देत नाहीत. भुलेतून जाग आल्यावर समोर दिसणारा चेहरा आपल्या माणसाचा आहे, हे त्याला आधी कळलेले असावे. मुलाला महाराष्ट्रातील संस्थेत मराठीच ऐकण्याची सवय असणार, आणि ती भाषा आपल्या घरात आहे, हे त्याचे भाग्य. इंग्रजीची घाई करू नये. तेथील मावशी शू, भूक, दुखते यांसाठी कोणते शब्द वापरतात, झोपवताना काय म्हणतात, हे लिहून घ्यावे आणि त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणावा. ओळखीचा वास टिकावा म्हणून त्याचे पांघरूण न धुता आणावे.

कागदोपत्री बाबी थोडक्यात. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ९० च्या वर चालत नाही. आपल्या होकारानंतर ‘कारा’चे (दत्तकासाठीच्या भारताच्या केंद्रीय यंत्रणेचे) ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (१ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार न्यायालयाकडून त्यांच्याकडे आला आहे), देशाबाहेरच्या दत्तकाविषयीच्या हेग करारानुसारचे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि अमेरिकी व्हिसा, असा क्रम असतो. भारतात दत्तक आदेश पूर्ण झालेला असेल, तर २००० च्या बाल नागरिकत्व कायद्यामुळे मूल तेथे पाऊल ठेवताच अमेरिकी नागरिक होते. नोकरीमार्फत मिळणाऱ्या आरोग्य विम्यात नाव घालण्याची मुदत बहुधा ३० दिवसांची असते. ती चुकवू नये. मूल तीन वर्षांवरचे असल्यामुळे वाणी-उपचारांची मागणी स्थानिक शाळा-मंडळाकडे लेखी नोंदवता येते. एक गैरसमज मात्र दूर करतो : तेथील प्राप्तिकर कायद्यात विशेष गरजांच्या मुलांसाठी असलेली वाढीव दत्तक-सवलत परदेशातून आणलेल्या मुलाला लागू होत नाही. आपल्याला सवलत मिळेल ती प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरतीच.

आपल्या मुलीलाही या चर्चेत बसवावे. तिला भाऊ हवा आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. तिच्या वाट्याचा वेळ कमी होणार आहे, हे तिला आजच प्रामाणिकपणे सांगावे.

प्रश्न : आपल्याकडची दिव्यांग मुले परदेशी पाठवायची, हे मला पटत नाही. यात पैशांचा व्यवहार असतो असे ऐकतो. ही मुले येथेच का वाढू नयेत? (नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती एके काळी गंभीरपणे घेतली होती. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी दत्तकातील गैरव्यवहारांबद्दल न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली, आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने त्यावर सविस्तर नियम घालून दिले. त्यातूनच १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. हेग येथील १९९३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली, आणि त्या कराराचे सूत्र आपण मांडता तेच आहे : मुलासाठी आधी त्याच्याच देशात कुटुंब शोधावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाल्यापासून ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते परदेशी दत्तकास पात्र ठरते. त्यातही दिव्यांग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना प्राधान्य देता येते. परदेशी पालकांकडून घेतले जाणारे शुल्क ठरवून दिलेले आहे. त्याबाहेर कुणी ‘देणगी’ मागितली तर तो गुन्हा आहे आणि त्याची तक्रार झालीच पाहिजे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला अधिक अस्वस्थ करतो. २०२४–२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तके झाली, त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. मुलासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे रांगेत थांबलेल्या भारतीय जोडप्यांची संख्या हजारोंनी आहे. तरीही विशेष गरजांच्या मुलांची यादी ‘कारा’च्याच संकेतस्थळावर उघडी असते आणि तिच्याकडे वळणारे फार थोडे असतात. आपल्याकडचे बहुतेक अर्जदार दोन वर्षांखालचे, निरोगी मूल मागतात. जी मुले त्यामुळे मागे राहतात, त्यांच्यातील सर्वांचीच अवस्था लोक समजतात तशी नसते. जन्मतः वाकडे पाऊल असलेले मूल घ्या. त्याला दर आठवड्याला बदलायची पाच-सहा प्लास्टरे, टाचेमागच्या शिरेवर एक छोटा छेद आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रात्री घालायचे बूट, एवढ्यावर बहुधा ते पळू लागते. हृदयातील छिद्र, दुभंगलेला ओठ, एका कानाचे बहिरेपण यांवरचे उपचार पुण्या-मुंबईत रोज होतात, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात लहान मुलांच्या अशा दोषांची तपासणी व उपचार २०१३ पासून मोफत आहेत.

मूल परदेशी कुटुंबात जाणे मी वाईट मानत नाही. संस्थेत अठरा वर्षे काढण्यापेक्षा ते शतपटीने चांगले आहे. मात्र प्लास्टरने सरळ होणारे पाऊल घेऊन एखादे बाळ स्पेनला किंवा अमेरिकेला जाते, तेव्हा येथे आपण काय चुकलो हे विचारलेच पाहिजे. आपल्या ओळखीत कुणी रांगेत असेल तर त्यांना एवढे सांगावे की, नोंदणीच्या वेळी विशेष गरजांची यादी एकदा डॉक्टरांना शेजारी बसवून पाहावी आणि त्यानंतर नकार द्यायचा तर द्यावा.

प्रश्न : माझा मुलगा आणि अमेरिकी सून बल्गेरियातील संस्थेतून पाच वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली मुलगी दत्तक घेत आहेत. पहिल्या भेटीचा प्रवास ते करून आले आहेत. मी तेथे जाणार आहे. नात्यातले लोक म्हणतात, जन्मभराचे ओझे कशाला? मला तसे वाटत नाही, पण मी त्या मुलीसाठी काय करू शकेन हे कळत नाही. (सातारा)

उत्तर : आजी, आपण जाणार आहात हीच मोठी गोष्ट आहे. बल्गेरियात होऊ घातलेल्या पालकांना आधी किमान पाच दिवस मुलासोबत घालवावे लागतात आणि न्यायालयाच्या आदेशानंतर दुसऱ्यांदा जाऊन मूल आणावे लागते. त्यामुळे आपला मुलगा आणि सूनबाई त्या मुलीला पाहून, तिच्यासोबत बसून हा निर्णय घेत आहेत, हे नातेवाइकांना सांगावे.

आता एक गोष्ट आपल्याला जड जाईल. सुरुवातीचे काही आठवडे, कदाचित काही महिने, त्या मुलीला भरवणे, न्हाऊ घालणे, उचलून घेणे, झोपवणे आणि पडल्यावर जवळ घेणे हे फक्त तिच्या आई-बाबांनी करावे. संस्थेत वाढलेल्या मुलाला किती तरी हातांनी भरवलेले असते. यांतील दोन हात कायमचे आपले आहेत, हे त्याला कळायला वेळ लागतो. ती कदाचित पहिल्याच दिवशी धावत येऊन आपल्या गळ्यात पडेल. पाहुणे म्हणतील, किती गोड, कुणाकडेही जाते! त्या वेळी तिला हळूच आईकडे वळवावे. आपल्याला दूर ठेवले जात आहे असे वाटून घेऊ नये.

आपल्याला करण्यासारखे तरीही पुष्कळ आहे. स्वयंपाक आणि घर आपण सांभाळलेत तर सूनबाईंना मुलीपाशी बसता येईल. आपली जागा, आपली वेळ, आपले एखादे बडबडगीत रोज तेच ठेवावे. अशा मुलांना पुढे काय घडणार हे ओळखता आले की शांत वाटते. भाषेची चिंता नको. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना बोलण्याआधी हातांच्या खुणा लवकर येतात. ‘आणखी’, ‘पाणी’, ‘पुरे’ एवढ्या खुणा आपण सून आणि मुलाबरोबर शिकून घ्याव्यात.

हृदयाचा दोष या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांत असतो, थायरॉइड पुन्हा पुन्हा तपासावे लागते, आणि मानेच्या मणक्यांची काळजी घ्यावी लागते, म्हणून तिला कोलांट्या उड्या मारायला लावू नये. जन्मभराचे म्हणाल, तर अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती आज सरासरी साठीपर्यंत जगतात. पुष्कळ जण नोकरी करतात. आई-वडिलांनंतर काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर मायेने नव्हे तर कागदाने द्यावे लागते : अशा अपत्यांसाठीचा न्यास, मृत्युपत्र आणि अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची व्यवस्था. मुलाशी हे बोलण्याचा अधिकार आपल्याला नक्कीच आहे.

प्रश्न : पूर्व युरोपातील अनाथालयांतल्या मुलांचे फोटो आणि मदतीची आवाहने मी समाजमाध्यमांवर पाहते. आम्ही ठाण्यात राहणारे भारतीय नागरिक आहोत. असे मूल आम्हाला येथे आणता येईल का?

उत्तर : कायद्यात तशी तरतूद आहे. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे दत्तक पूर्ण करावे लागते, ‘कारा’ची मंजुरी लागते, आणि मूल परदेशी पासपोर्टवर, भारतीय व्हिसा घेऊन येते. व्यवहारात मात्र दारे वेगाने बंद होत आहेत. रशियाने २०१२ च्या अखेरीस अमेरिकी कुटुंबांसाठी, इथिओपियाने २०१८ मध्ये सर्वच परदेशी कुटुंबांसाठी दत्तक थांबवले. चीनने १९९२ पासून १,६०,००० हून अधिक मुले परदेशी दिली होती आणि शेवटच्या वर्षांत त्यांतील बहुतेक विशेष गरजांची होती. २०२४ मध्ये तेथेही, नातेवाइकांचा अपवाद सोडता, पूर्णविराम मिळाला. ज्यांच्यासाठी मुले आधीच ठरलेली होती अशी कुटुंबेही त्यात अडकली.

फोटो पाहून कुठल्याही व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठवू नयेत. मुलाचे निदान, चेहरा आणि नाव असे एकत्र जगभर फिरवणे मला अन्यायाचे वाटते. ते मूल मोठे होऊन ते सारे पाहणार आहे. आपल्या मनातील ओढ खरी असेल, तर आपल्याच राज्यातील संस्थांमध्ये त्याच निदानाची मुले आहेत, आणि त्यांना भेटण्यासाठी आपल्याला व्हिसा लागणार नाही.

प्रश्न : आमची सोळा वर्षांची दत्तक मुलगी आमच्यासोबत इंग्लंडमध्ये राहते. तिला जन्मतः दृष्टिदोष आहे. डॉक्टर कुटुंबातील आजारांबद्दल विचारतात आणि तिलाही आपल्या मुळांबद्दल जाणून घ्यायचे आहे. भारतातील संस्थेकडे कशी चौकशी करावी?

उत्तर : मुळांचा शोध घेण्याचा हक्क नियमांनी दिलेला आहे. अठरा वर्षांखालील मुलाने दत्तक पालकांसह अर्ज करावा, त्यानंतर ते मूल एकटेही करू शकते. त्रयस्थ व्यक्तीला हा अधिकार नाही. अर्ज आपल्या तेथील यंत्रणेमार्फत किंवा ‘कारा’कडे करावा. मूल कुठल्या परिस्थितीत संस्थेत आले, त्या वेळची त्याची तब्येत, असा तपशील मिळू शकतो. जन्मदात्या आईने मूल स्वतः संस्थेकडे सोपवताना नाव गुप्त ठेवण्यास सांगितलेले असेल, तर तिच्या संमतीशिवाय तिची ओळख उघड केली जात नाही, आणि ही मर्यादा मुलीला अर्ज भरण्यापूर्वीच समजावून सांगावी.

वैद्यकीय कारणासाठी मात्र जुन्या फाइलवर विसंबून राहू नये. सापडलेल्या मुलांच्या फाइलीत कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास नसतोच. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक दोषांसाठी आता जनुकीय चाचणी करता येते. ती आपल्या नेत्रतज्ज्ञांशी बोलून करून घ्यावी, आणि त्या चाचणीचा निर्णय मुलीला स्वतः घेऊ द्यावा.